करड्याला रंग चढू नये म्हणून

रंगीत फोटो छापणं सोपं आणि कृष्णधवल छापणं अवघड, असं म्हटलं की बहुतेकांना ते पटत नाही. एकच तर रंग, त्यात अवघड ते काय? पण चौकात लागलेला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स जरा थांबून बघा. मूळ फोटो काळा-पांढरा असतो आणि फ्लेक्सवर आजोबांचा चेहरा जांभळट नाहीतर शेवाळी झालेला असतो. शाळेच्या वर्गात टांगलेल्या कित्येक तसबिरींचंही तेच. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोत ही झाक कमी असते, पण असते. रंगीत फोटोत साडीचा लाल जरा जास्त लाल आला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. करड्यात हिरव्याचा कण मिसळला तरी डोळा अडखळतो, आणि चेहरा आपल्या माणसाचा असेल तर फारच.

मी साताऱ्यात फोटो छापते. वडिलांचा स्टुडिओ होता, त्यामुळे लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपरवर चेहरा हळूहळू उमटताना बघतच मोठी झाले. डार्करूम बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या खोलीत आता प्रिंटर आहेत, आणि कामं बहुतेक जुन्या फोटोंचीच येतात: कुणाची आजी, कुणाचं लग्न, कुणाच्या शाळेची पहिली तुकडी. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे. इंकजेटवर शुद्ध करडा उतरतो, अगदी डार्करूमच्या तोडीचा उतरतो. मात्र तो रंगीत शायांच्या भरवशावर सोडायचा नाही, आणि प्रिंट ज्या भिंतीवर जायची आहे तिथल्या उजेडात पारखल्याशिवाय पास करायची नाही.

शायांपासून सुरुवात करू. इंकजेट प्रिंटर कागदावर शाईचे थेंब फेकतो. चांगल्या फोटो प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब दीड-दोन पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब लहान-मोठा करता येतो, दाट किंवा विरळ टाकता येतो, पण थेंबातली शाई आयत्या वेळी फिकी करता येत नाही. काळी शाई काळीच पडणार. गालावरचा फिका करडा हवा असेल तर काळे थेंब विरळ टाकावे लागतात, आणि मग उजळ गालावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसायला लागतात. हे टाळायला साधा प्रिंटर उजळ भागात काळ्या शाईला बाजूला ठेवतो. तिथे तो सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांचे थेंब शेजारीशेजारी टाकतो आणि तिन्ही मिळून डोळ्याला करडा भासतो.

भासतो, तोवर ठीक. या तिघांचा तोल फार नाजूक असतो. मॅजेंटाचं एखादं नोझल, म्हणजे थेंब फेकणारं छिद्र, अर्धवट तुंबलं की करडा हिरवट होतो. कागद बदलला, भरणीची स्वस्त शाई घातली, पावसाळ्यात कागदाने दमटपणा ओढला, तरी तोल ढळतो. शिवाय तो सगळीकडे एकाच बाजूला ढळत नाही. केसांच्या सावलीत हिरवट, कपाळावर गुलाबी, असं एकाच फोटोत होतं. अशा वेळी रंग सुधारायची एक पट्टी इकडे-तिकडे सरकवून काही साधत नाही. केस सुधारले की कपाळ बिघडतं. छोट्या स्टुडिओंत पासपोर्ट फोटोंसाठी जे सहा शायांचे टँक प्रिंटर असतात, त्यांतल्या बऱ्याच प्रिंटरांत जादा दोन शाया म्हणजे फिका सायन आणि फिका मॅजेंटा. रंगीत फोटोतल्या त्वचेसाठी त्या उत्तम आहेत. करड्याला त्यांचा उपयोग नाही, कारण करडा तिथेही रंगांतूनच जुळवायचा असतो.

वाईचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. आईचा फोटो त्यांनी एका ठिकाणी मोठा करून घेतला होता. दुकानात दिव्याखाली बघितला तेव्हा छान होता. घरी नेऊन ओसरीवर लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते फ्रेमसकट माझ्या दारात. म्हणाले, "ताई, दुकानात बरी होती हो. घरी आल्यावर आई हिरवी दिसायला लागली." त्यांना वाटलं, रात्रीत शाई उडाली. फ्रेम मी आतल्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली नेली, तर आई पुन्हा बरी दिसायला लागली. गुरुजी बघतच राहिले. फोटो तोच, फक्त उजेड बदललेला.

याला मेटामेरिझम म्हणतात आणि कृष्णधवल छपाईतला सगळ्यात मोठा ताप हाच आहे. उजेड पांढरा दिसतो म्हणून सगळे उजेड सारखे नसतात. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये लाल-नारिंगी भाग भरपूर आणि निळा थोडा. खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उजेडात निळा भरपूर. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंच सुळका, त्यापुढे खळगा आणि मग हिरव्या-पिवळ्याचा पसरट उंचवटा. तीन रंगीत शायांचा करडाही असाच उंचसखल असतो. उजेडातल्या काही लहरी तो जास्त परत फेकतो, काही कमी. एका उजेडात हे उंचसखलपण एकमेकांना झाकून घेतं आणि आपल्याला करडा दिसतो. उजेड बदलला की झाकलेलं उघडं पडतं. यावर रंग सुधारून इलाज होत नाही. खिडकीसाठी सुधारलात तर बल्बखाली प्रिंट गुलाबी होईल. इलाज एकच: करड्यातून रंगीत शाई जमेल तेवढी काढून टाकायची.

मोठ्या कंपन्याही हे ठेचा खातच शिकल्या. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो २०००पी हा प्रिंटर आणला. पिगमेंट शाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असलेली, टिकाऊ शाई. पण त्याच्या कृष्णधवल प्रिंट घरातल्या बल्बखाली ठीक आणि दिवसाउजेडी हिरव्या दिसत, आणि फोटोग्राफरांमध्ये त्याची पुष्कळ चर्चा झाली. २००२ च्या स्टायलस फोटो २२०० मध्ये 'लाइट ब्लॅक' ही फिकी काळी शाई आली. २००५ मध्ये आर२४०० या प्रिंटरपासून काळ्याच्या तीन पायऱ्या झाल्या: काळा, फिका काळा आणि त्याहून फिका. के३ हे त्या शायांचं नाव या तीन काळ्यांवरून पडलं. आता गालावरचा करडा फिक्या काळ्या शाईनेच काढता येऊ लागला आणि रंगीत शायांचं काम चिमूटभर उरलं. माझ्या दृष्टीने इंकजेटच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे. थेंबांचे आकडे आणि छपाईचा वेग यांच्या जाहिराती खूप झाल्या, पण कृष्णधवल फोटो वाचवला तो या फिक्या काळ्याने.

तसं बघितलं तर इंकजेट कलादालनात पोचला त्यामागेही काळ्या-पांढऱ्या फोटोंची ओढ होती. गायक ग्रॅहम नॅश हे हौशी नव्हे, कसलेले फोटोग्राफर. त्यांना आपले कृष्णधवल फोटो मोठ्या आकारात छापायचे होते. छापखान्यांसाठी रंगीत प्रूफ काढणारं आयरिस ३०४७ हे इंकजेट यंत्र त्यांनी या कामाला जुंपलं आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाई स्टुडिओ सुरू झाला. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. त्या यंत्रातही शाया चारच, आणि काळी सोडली तर बाकी रंगीतच. पुढे अमेरिकेतल्याच व्हरमाँटमधले जॉन कोन यांनी टोकाची वाट धरली. प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढायच्या आणि त्या जागी गडद काळ्यापासून फिक्या करड्यापर्यंत मुख्यतः कार्बनच्या शाया भरायच्या. पीझोग्राफी नावाची ही पद्धत आजही काही निष्ठावंत छपाईकार वापरतात. त्यासाठी प्रिंटर कायमचा कृष्णधवल कामाला वाहावा लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. पण त्या प्रिंट मी हातात घेऊन बघितल्या आहेत आणि त्यांतल्या सावल्यांची खोली विसरता येत नाही.

पिगमेंट शाईतला काळा म्हणजे कार्बन, आणि कार्बन म्हणजे काजळी. आपल्या जुन्या पोथ्या दिव्याच्या काजळीपासून केलेल्या शाईने लिहिलेल्या आहेत, आणि कागद पिवळा पडून कडांनी तुटला तरी अक्षरं काळीच राहिली आहेत. काजळीचा कण उजेडातल्या सगळ्या लहरी जवळपास सारख्याच गिळतो, म्हणून उजेड बदलला तरी तो रंग बदलत नाही. फक्त एक आहे: काजळी पातळ पसरली की किंचित तपकिरीकडे झुकते. म्हणून कंपन्या फिक्या काळ्या शायांत थोडा निळसरपणा मिसळून तो तपकिरीपणा मारतात. टिकाऊपणाचाही प्रश्न इथेच येतो. तीन रंगीत शाया कधीच सारख्या वेगाने उडत नाहीत. त्यामुळे आज बरोबर दिसणारा मिश्र करडा काही वर्षांनी एकीकडे झुकणारच. कार्बनच्या करड्याला ती भीती फार कमी.

गुरुजींच्या आईचा फोटो मी पुन्हा छापला. मूळ प्रिंट पोस्टकार्डाएवढी, कातरलेल्या नक्षीदार कडांची. नऊवारीतली बाई, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नाकात नथ, नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो पक्का करणारा हायपो नीट धुतला गेला नसावा, कारण खालच्या कोपऱ्यात पिवळे डाग चढले होते. असा फोटो 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडून स्कॅन करू नये. रंगीत स्कॅन करावा आणि त्यातला लाल चॅनल वेगळा काढून बघावा. पिवळा डाग निळा उजेड गिळतो आणि लाल जाऊ देतो, त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसणारा डाग लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. डागाखालची नऊवारीच्या काठाची नक्षी मला अशीच मिळाली, एकही ठिपका हाताने न रंगवता. मग सोळा बिटमध्ये करडं चित्र तयार केलं, म्हणजे सावलीतून उजेडाकडे जाताना पायऱ्या दिसत नाहीत.

छापण्याआधी मी पट्टी काढते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी, ज्या कागदावर फोटो छापायचा त्याच कागदावर. माझ्या आताच्या प्रिंटरमध्ये दहा शाया आहेत आणि त्यांतल्या चार काळ्या-करड्या. ड्रायव्हरमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' ही सोय आहे. ती निवडली की प्रिंटर काळ्या-करड्या शायांवरच भर देतो आणि रंगीत शाई नावापुरती घेतो. टोनमध्ये 'न्यूट्रल' ठेवला. पट्टी निघाल्याबरोबर तिच्यावर मत बनवायचं नाही. शाई वाळताना रंग आणि गडदपणा दोन्ही थोडे बदलतात. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मागच्या दारात उत्तरेच्या उजेडात धरली, मग ट्यूबखाली, मग पिवळ्या दिव्याखाली. पंधराव्या-सोळाव्या चौकोनापासून पुढे, गडद भागात, बारीकशी हिरवट छाया होती. शेजारी एखादी चांगली जुनी ब्रोमाइड प्रिंट धरल्याशिवाय ती कळलीही नसती. करडा एकटा असला की डोळा त्याच्याशी जुळवून घेतो, जोडीला दुसरा करडा आला की खरं-खोटं कळतं. ड्रायव्हरमधल्या रंगाच्या वर्तुळात ठिपका मॅजेंटाकडे केसभर सरकवला, पुन्हा पट्टी, पुन्हा रात्र. मग फोटो. गुरुजींनी तो त्यांच्या ओसरीवर नेऊन बघितला, मग माजघरात, मग संध्याकाळी दिवा लावून. मला फोन आला तो एवढाच, की सगळीकडे आई सारखी दिसते.

कागदाबद्दल सांगायचं तर फार आहे, आणि बाजारात त्यावर सर्वांत जास्त फसगत होते. पांढराशुभ्र कागद चांगला, असं आपण धरून चालतो. त्या शुभ्रतेत बऱ्याचदा ऑप्टिकल ब्राइटनर असतो. एकेकाळी घरोघरी पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल लावत, त्याच जातीचं ते रसायन. अतिनील किरण पडले की ते निळसर चमकतं आणि पिवळेपणा लपवतं. पण बहुतेक एलईडी दिव्यांत अतिनील किरण नसल्यासारखेच असतात, आणि अतिनील अडवणाऱ्या काचेमागे फ्रेम केली तर तिथेही ते पोचत नाहीत. मग तोच कागद पिवळट दिसतो आणि त्यावरचे फिके करडेही त्याच्यासोबत बदलतात. वर्षांनुवर्षांत ब्राइटनर थकतो ते वेगळंच. जपून ठेवायच्या फोटोसाठी मी ब्राइटनर नसलेला सुती कागद वापरते. तो मुळातच सायीच्या रंगाचा असतो. त्यावर करडा अगदी मोजून शून्यावर आणायचा हट्ट धरला तर उजळ करडे कागदाशेजारी निळे वाटतात. म्हणून फिक्या छटांना कागदाच्या रंगाचा हात धरू द्यावा आणि गडदाकडे जाताना हळूहळू शुद्ध करड्यावर यावं. यंत्राने मोजणाऱ्यांना हे चटकन पटत नाही, भिंतीवर फोटो बघणाऱ्यांना पटतं.

मॅट कागदावर काळ्याची खोली कमी मिळते, हेही आधी माहीत असावं. मॅटवरचा सर्वांत गडद काळाही पडलेल्या उजेडाचा साधारण अडीच टक्के परत फेकतो. चांगल्या, चमकदार बराइटा कागदावर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. नऊवारीच्या काळ्या पोताचं काम मॅटवर दबतं, तेच बराइटावर खुलतं. मात्र मॅटचा चेहरा मऊ दिसतो आणि त्यावर काचेसारखी चमक येत नाही. दोन्हींसाठी काळी शाई वेगळी लागते, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक, आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा सांगितला तर प्रिंटर चुकीची काळी शाई घेतो. कित्येक 'फिक्या' प्रिंटांचं कारण इतकं साधं असतं.

ज्यांच्या घरी साधा प्रिंटर आहे त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. आधी नोझल चेक काढा. एकही रेघ तुटकी असेल तर पुढे जाऊ नका. शाई आणि कागद एकाच कंपनीचे घ्या, निदान कृष्णधवल कामापुरते. रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्या: फोटोशॉपमध्ये कागदाचा प्रोफाइल निवडला असेल तर ड्रायव्हरमधली रंगसुधारणा बंद ठेवा. दोघांनी एकदम सुधारणा केली की सगळा फोटो गुलाबी होतो, आणि माणसं शाईला दोष देत बसतात. ड्रायव्हरमधलं 'ग्रेस्केल' निवडून एक पट्टी काढून बघा. खडबडीत मॅट कागदावर आणि हातभर अंतरावरून बघायच्या फोटोत काळ्या शाईचे ठिपके फारसे खटकत नाहीत आणि झाक मात्र जाते. काही जुन्या एप्सन प्रिंटरांना रॉय हॅरिंग्टन यांचं क्वॉडटोनरिप हे सॉफ्टवेअर चालतं. कुठली शाई किती घ्यायची ते त्यात आपण ठरवू शकतो. शिकायला वेळ लागतो, पण खर्च अगदी थोडा. आणि नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर शायांची यादी वाचा. कॅननच्या टँकवाल्या जी५७० मध्ये एक करडी शाई आहे, प्रो-२०० मध्ये दोन. करडी शाई एकही नसेल तर तो प्रिंटर कृष्णधवलसाठी घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगो.

शुद्ध करडा हाच एकमेव बरोबर टोन आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डार्करूमच्या काळातही काळा-पांढरा फोटो नुसता काळा-पांढरा कधी नव्हता. कागदातल्या चांदीचे कण बारीक असले की टोन उबदार यायचा, मोठे असले की थंड. क्लोरोब्रोमाइड पेपरवर लग्नाचे फोटो तपकिरी मखमलीचे दिसत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' पेपर वडिलांनी खूप वापरला. डेव्हलपर थकत आला की प्रिंट मलूल निघायला लागायच्या आणि ते ताबडतोब ट्रे ओतून द्यायचे. पेपरच्या हिरवटपणावर सेलेनियम टोनरचा इलाज असायचा. म्हणजे टोन तेव्हाही माणूस ठरवायचा. आजही आजीचा फोटो थोडा उबदार हवा असेल तर खुशाल उबदार छापावा. माझी तक्रार आहे ती न मागता चढलेल्या रंगाबद्दल, जो कुणी ठरवलेला नसतो आणि कुणी बघितलेलाही नसतो.

तेव्हा घरातला जुना फोटो मोठा करून घ्यायला जाल तेव्हा दुकानात दोन प्रश्न विचारा: प्रिंटरमध्ये करडी शाई आहे का, आणि कागद कुठला. रंगीत फोटोच्या लॅबच्या कागदावर काढून देणार असतील तर तिथेही करडा तीन रंगांतूनच जुळवलेला असतो, हे लक्षात ठेवा. आधी पोस्टकार्डाच्या आकाराची एक नमुना प्रिंट मागा. चांगला छपाईकार ती आनंदाने देईल. ती घरी न्या, जिथे फ्रेम लावायची आहे त्या भिंतीला टेकवा, सकाळी बघा आणि रात्री दिवा लावून बघा. दोन्ही वेळा चेहरा सारखा दिसला तरच मोठी प्रिंट सांगा.